न लावलेला चुना

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको होती तोवर तिच्यापाशी नाही, मुलांपाशी नाही. देवापाशी तरी बोललो असेन म्हणाल, तर तेही नाही — डोळे मिटून हात जोडले की मी हटकून दुसरंच काहीतरी मागायचो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित तोंड उघडतंय. पण सरळ मुद्द्यावर येईन असं समजू नका. बगल द्यायची मला जुनी सवय आहे.

आधी चुन्याच्या डबीचं सांगतो. निदान ते सांगता येतं.

चांद्याला — चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि चांदा अजून मध्यप्रदेशात होतं — परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या, आत एका दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. मी तिथे मदतनीस. चामोर्शीकडचा मॅट्रिक झालेला पोरगा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला मिळतो म्हणून हुरळून गेलेला. तिथल्या फळीवर पितळेची एक चुन्याची डबी असायची. पान खायला नव्हे. आम्ही तो चुना काचेच्या नळ्यांना लावायचो. बोटाच्या टोकावर थोडा घ्यायचा आणि नळीच्या गळ्यावर ओढायचा, बस. एवढंच काम. एवढंसं काम — आणि बघा, कुठवर आलो मी त्यापायी.

नळ्यांत काय होतं, तेही सांगायला हवं.

आमच्या भागात हिवताप घरोघर. पोट पुढे आलेलं, पानथरी म्हणजे प्लीहा वाढलेली माणसं बाजारात अशीच हिंडायची, त्यात कुणाला नवल वाटत नसे. पण एकदा बल्लारपूरकडच्या कोळशाच्या खाणीतला एक मजूर आला. आधी आसामच्या चहामळ्यात होता. पानथरी बेंबीच्या खाली, अंग काळवंडलेलं, क्विनाइननं उतरत नाही असा ताप. आमचे डॉक्टरसाहेब नागपूरचे, पण शिकले कलकत्त्याला. त्यांनी बघताच ओळखलं, हा काळा आजार आहे. त्यांनी त्याच्या हाडातला मगज सुईनं काढला आणि त्याचा थेंब नळीत सोडला. त्या आजाराची इंजेक्शनं कलकत्त्याहून मागवली. माणूस बरा होऊन चालत गेला. उरलेल्या इंजेक्शनांची पेटी कपाटात राहिली. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. ही पेटी लक्षात ठेवा.

माणूस गेला, पण त्याचे जंतू साहेबांनी ठेवून घेतले. सशाचं रक्त, मीठ आणि अगर घालून नळीत खरवसासारखी वडी जमवायची, तिच्या तळाशी थोडं पाणी सुटतं, त्या पाण्यात हे जंतू राहत. त्यांना गारवा लागे. मी नळ्या ओल्या वाळूत रोवून रांजणाच्या बुडाशी ठेवायचो. उन्हाळ्यात जीव मुठीत धरून सांभाळावे लागत, पण थंडीत ते मजेत असत. आणि मला ते आवडायचे — हसू नका. पहिल्या दिवसांत जाडजूड, आळशी, शेपट्या आतल्या बाजूला करून गोल धरलेले, गोंडांच्या रेला नाचात बाया हातात हात गुंफून उभ्या राहतात ना, तसे. मग नळी शिळी व्हायला लागली, खाणं संपत आलं, की गोल मोडायचा. एकेकटे सुटायचे. बारीक, लांब शेपटीचे आणि इतके चपळ, की काचेखाली धरता धरता निसटायचे.

साहेब म्हणत, "नळी शिळी झाली की हे तिखट होतात." त्यांचा सगळा ध्यास हाच होता — माणसाला बाधणारे ते हे. हा आजार पसरवणाऱ्या वाळूमाशीच्या तोंडाशी असतात तेही असेच दिसतात, म्हणत. कलकत्त्याहून आणलेल्या हॅमस्टरांना, म्हणजे त्या बुटक्या शेपटीच्या उंदरांना, त्यांनी काहींना ताज्या नळीतलं टोचलं, काहींना शिळ्या नळीतलं. काही महिन्यांनी ते कापले ते मीच. ताज्यावाल्यांची पानथरी जशीच्या तशी. शिळ्यावाल्यांची सुजून काळी पडलेली. मी स्वतःच्या हातांनी उचलून साहेबांना दाखवली. म्हणजे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आता सायत्राबाई.

सायत्राबाई आमच्याकडे नळ्या धुवायची. नवरा वारलेला, माहेर-सासर दोन्ही चामोर्शीकडचं, म्हणून मी तिच्या हक्काचा. माझ्यासाठी वाटीत आंबील झाकून आणायची आणि नाही प्यालो तर तोंड फिरवून बसायची. तिला अक्षर येत नव्हतं. म्हणूनच तर चुना. ज्या नळीला चुना, ती शिळी. ती आधी बुचासकट उकळत्या पाण्यात टाकायची, मग धुवायची. चुना नसेल ती ताजी, बुरशी आली म्हणून टाकून दिलेली. ती नुसती सोड्याच्या पाण्यात घासायची. सगळ्याच का उकळत नव्हता, असं विचाराल. उकळलं की नळ्या तडकत, आणि नव्या यायला कलकत्त्याची वाट बघावी लागे. म्हणून साहेबांनी हा नियम घातला होता. चुना लावायचं काम माझं. माझ्याआधीच्या मदतनिसाला त्यांनी याच कामातल्या हयगयीपायी घरी पाठवलं होतं.

सायत्राबाईला शिळ्या-ताज्याची मोठी गंमत वाटायची. "आमच्या घरी शिळं झालं का आंबते, तुमच्या घरी तिखट होते. साहेबाचा कारभारच उलटा आहे बाबू!" असं म्हणून पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचो. साहेबसुद्धा एकदा हसले होते.

तर — झालं काय.

पौषातली गोष्ट. आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडारीचा खेळ होता आणि त्यात मला सोंग मिळालं होतं. राणीचं. हो, मी राणी व्हायचो, आणि फार देखणी व्हायचो असं लोक म्हणत. शनिवारी दुपारची मोटार गाठली तरच वेळेत पोचणार होतो. त्या दिवशी शिळ्या नळ्या वेगळ्या काढल्या, फळीवरून डबी उचलली, तर चुना वाळून खडा झालेला. पाणी घालून खलायला किती वेळ लागतो? तुम्हीच सांगा. एक विडी ओढायला लागतो तेवढाही नाही. पण मोटारीचा भोंगा ऐकू आला असं मला वाटलं. सोमवारी सकाळी लवकर येऊन लावू, असं मनाशी म्हणालो आणि नळ्या मोरीजवळच्या टोपलीत ठेवून पळालो. सोंग छान झालं. लोकांनी वाहवा केली. सोमवारी मी उशिरा उठलो.

मी आलो तेव्हा सायत्राबाई मोरीवर बसून होती आणि पाणी लाल झालेलं होतं. ब्रश आत दाबताना नळीचं बूड फुटलं होतं आणि काच अंगठ्याच्या मुळाशी घुसली होती. टोपलीतल्या निम्म्याअधिक नळ्या धुऊन झाल्या होत्या, नुसत्या सोड्यात. तिनं माझ्याकडे वर पाहिलं. घाबरलेली नव्हती. बोट दाबून धरत म्हणाली, "चुना नोता बाबू. ताजीच असन ना?"

किती सोपं होतं! "नाही बाई, शिळी होती, माझा चुना लावायचा राहिला" — एवढं म्हणायचं. साहेब संतापले असते. मला हाकललं असतं, कदाचित नसतंही. पण साहेब माझ्या हाताचं चारचौघांत कौतुक करत, याच्या हातून चूक होत नाही म्हणत. ते कौतुक मला फार गोड लागायचं. ते जाईल याचं भय नोकरी जाण्यापेक्षा मोठं होतं, हे आज म्हातारपणी कळतं. तेव्हा कळलं असतं तरी मी वेगळं वागलो असतो का? मला नाही वाटत.

मी म्हणालो, "हो, ताजीच. काही होत नाही." आणि तिच्या अंगठ्याला टिंक्चर लावून पट्टी बांधली. फार मायेनं बांधली. मग उरलेल्या नळ्यांना चुना लावला.

जखम भरली. शिमग्याच्या सुमारास तिच्या अंगठ्याच्या मुळाशी बोराच्या आठोळीएवढी एक गाठ दिसायला लागली. दुखत नव्हती, पिकत नव्हती. आंबिलीची वाटी माझ्यापुढे ठेवताना ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर यायची, आणि मी वाटीतच बघत राहायचो. उन्हाळ्यात तिला ताप यायला लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. पाऊस लागला तोवर तिचे खांदे उतरले आणि पोट वर आलं. सगळे म्हणाले, हिवताप. कोण दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे ताप म्हणजे हिवताप. मीही तेच म्हणत होतो. सगळ्यांच्या आधी म्हणत होतो.

साहेबांनी तिला तपासायला आत बोलावलं. तिचं रक्त काचेवर घेऊन मीच बघितलं, आणि मला त्यात हिवतापाचे जंतू सापडले. खरंच सापडले, खोटं नाही. किती आनंद झाला म्हणून सांगू! त्या भागात दर दुसऱ्या माणसाच्या रक्तात तेव्हा ते सापडत, हे मला ठाऊक होतं. एका अंगात दोन आजार सुखानं नांदतात, हेही ठाऊक होतं. तरी मी लगबगीनं साहेबांना हाक मारली, "हिवतापच आहे साहेब!"

साहेब मान हलवत होते, पण त्यांचा हात तिच्या पोटावरून निघत नव्हता. ते पानथरीची कड पुन्हा पुन्हा चाचपत होते. मग त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुला कधी नळी लागली होती का?"

तिनं अंगठा पुढे केला. "लागली होती जी. पण ताजी होती. बाबूनं सांगतलं."

साहेब माझ्याकडे वळले. "ताजी होती?"

आता इथे थांबतो जरा. पहिलं खोटं घाईत निघून गेलं होतं, त्याला मी स्वतःशी तसं नावही दिलं होतं — घाई. पण या वेळी घाई नव्हती. खोलीत पावसाचा आवाज होता, साहेब वाट बघत होते, सायत्राबाई माझ्याकडे अगदी भरवशानं बघत होती. माझ्या पाठीमागे कपाट होतं. त्यात ती पेटी होती, तिच्यावरची धूळ मी दर शनिवारी पुसत होतो. मला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला. मी विचार केला.

"हो साहेब. ताजी होती."

साहेबांचा चेहरा सैल झाला. ताज्या नळीनं बाधत नाही, हे त्यांनीच तर शोधून काढलं होतं. मगज काढायची सुई त्यांनी बाहेर काढून ठेवली होती, ती त्यांनी पुन्हा डब्यात ठेवली. "मग कशाला उगीच बाईला टोचायचं," म्हणाले. हिवतापाच्या गोळ्या दिल्या. ताप काही दिवस उतरलासुद्धा, आणि त्या काही दिवसांत मी पोटभर जेवलो, झोपलो. पुढे साहेब रजेवर नागपूरला गेले. ताप पुन्हा चढला, सायत्राबाईला काम होईना, तेव्हा तिचा भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला. नागपूरला एक तार करता आली असती. केली नाही.

दिवाळीच्या आधी ती गेली.

मी तेरवीला गेलो होतो. तिच्या भावानं मला पहिल्या पंगतीत बसवलं, बाबू बाबू करून आग्रहानं वाढलं, आणि मी जेवलो. बाईच्या तोंडी तुमचंच नाव असायचं, असं तो सगळ्यांना सांगत होता.

साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेरून कुणी डॉक्टर आले की ते नळ्या दाखवत आणि सांगत, "ताज्याची भीती नाही. आमच्या धुणाऱ्या बाईचा हात कापला होता, काही झालं नाही. बिचारी पुढे हिवतापानं गेली, ते वेगळं." आणि खात्रीसाठी माझ्याकडे बघत. मी मान डोलवायचो. किती जणांसमोर डोलवली, आठवत नाही. सायत्राबाईचं मरणही मी साहेबांच्या शास्त्रात खोटं करून घातलं. साहेब आता नाहीत. भला माणूस होता. त्यांनाही मी फसवलं.

लोक फसवण्याला चुना लावणं म्हणतात. माझ्यासमोर कुणी सहज बोलून गेलं की मी विषय बदलतो. मी तर तो न लावता फसवलं.

तेरवीच्या आधीची एक भेट मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती सांगायची नाही असंही मधे एकदा मनात आलं. पण ती राहिली तर बाकीचं सांगून काय उपयोग?

पाऊस ओसरल्यावर मी तिला बघायला गेलो होतो. वैनगंगा डोंग्यातून ओलांडून, चिखल तुडवत. का गेलो? सांगायला गेलो होतो, असं मी वाटेत स्वतःला बजावत होतो. साहेब रजेवरून परत आले होते, पेटी कपाटात होती, बैलगाडीत घालून तिला नदीपर्यंत आणता आलं असतं. उशीर झालेला नव्हता. निदान मला तेव्हा तसंच वाटत होतं, आणि तेच महत्त्वाचं.

ती ओसरीत खाटेवर पडली होती. मूळची गव्हाळ बाई, कपाळ आणि हात कोळशासारखे झालेले. पोट तेवढं उरलं होतं. मला बघून उठायला गेली. वहिनीला आंबील आण म्हणाली. मी कशीबशी प्यालो, आणि माझे डोळे भरून आले.

"काऊन रडून राह्यले बाबू?" ती म्हणाली. मग वहिनी आत गेली असं बघून तिनं मला जवळ बोलावलं. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि लाज वाटत होती. अंगठ्यावरची ती गाठ दुसऱ्या हातानं कुरवाळत होती.

"बाबू, एक गोठ खरी सांगा. त्या नळीले चुना तर नोता ना? मले वाटते, माझ्याच डोयाले दिसला नसन. तुमी तर लावलाच असन. मीच आंधयी."

इतके महिने ती हे मनात घेऊन पडली होती. आजार कुठून आला ते तिला कळलं होतं. आणि माझी चूक असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती स्वतःचे डोळे तपासत होती.

मी म्हणालो, "नाही बाई. चुना नव्हता."

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. "नोता ना? मंग बरं. मले लागून राह्यलं होतं, का मीच कामात चुकली." आणि हसली. पदर तोंडाला लावायला हात उचलला, तो अर्ध्यावरूनच खाली आला.

तिला मी खरं बोललो ते एवढंच. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. तीही माझ्याकडे बघत होती, घाई नव्हती तिला. मी वाटी खाली ठेवली, आणि उजेड आहे तोवर परतीचा डोंगा गाठायला हवा म्हणून उठलो.